घरात माणसं किती?

गिझर बसवणाऱ्या माणसाकडे दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादक जरा धाडसीच म्हणायचे. पण दिवाळीशी आमच्या धंद्याचं नातं फराळाइतकंच जवळचं आहे. पहिल्या आंघोळीला पंधरा दिवस उरले की बीडमधल्या घराघराला एकदम आठवतं, आपला गिझर होळीपासून बंद आहे. मग सकाळी सातपासून फोन. प्रत्येकाला आजच पाहिजे, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, काही विशेष झालेलं नाही, नुसतं येऊन बघून जा. नुसतं बघून गिझर सुरू झाला असता तर मी आज बंगल्यात राहिलो असतो.

बत्तीस वर्षं हे काम केलं. दुकान म्हणजे एक गाळा, त्यात एक टेबल, पाइप आवळून धरायचा एक वाइस आणि कोपऱ्यात जळालेल्या कॉइलांचा ढीग. विकण्यापेक्षा माझं काम सांगण्याचं जास्त होतं. कोणता घ्यावा, केवढा घ्यावा, कुठे बसवावा, आणि मुख्य म्हणजे घ्यावा का. लोक दुकानात जाऊन रंग बघून गिझर घेतात आणि मग मला बोलावतात. लग्न ठरल्यावर पत्रिका दाखवायला यावं, तसा तो प्रकार. म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, घ्यायच्या आधी विचारा.

विचारायला आले की मी उलटे प्रश्न विचारायचो. पाणी कशाचं, नळाचं की बोअरचं? आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच. कॉइलवर वर्षभरात बोटभर जाड थर चढतो आणि मग कॉइल पाण्याऐवजी त्या थरालाच तापवत बसते. दुसरा प्रश्न, टाकी छतापासून किती उंच? उंची नसेल तर पाण्याला जोर नाही, आणि जोर नसेल तर भिंतीवरचा तो छोटा, लगेच पाणी देणारा गिझर रुसून बसतो. तिसरा, सकाळी लाईट कशी असते? दाब कमी असला की दोन बल्बांचं काम एका बल्बाच्या ताकदीनं होतं आणि पाणी तापता तापता माणूस गार पडतो. आणि शेवटचा, सगळ्यात सोपा प्रश्न: घरात माणसं किती?

हा प्रश्न सोपा आहे असं मला पहिली दहा वर्षं वाटायचं.

मांजरसुंब्याच्या नाक्यावर एक ढाबेवाले होते, सगळे त्यांना बप्पा म्हणत. ट्रकवाल्यांना गरम पाण्यानं आंघोळ मिळाली तर ते जेवायलाही इथेच थांबतील, हा त्यांचा हिशोब. त्यांनी मला न विचारता तीन लिटरचा छोटा गिझर आणून लावला आणि दोन महिन्यांत तो फुटला. मी गेलो, उघडला, तर आत पाण्याला जागाच नव्हती, सगळा पांढरा दगड. बप्पांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "कावून फुटला बे हा?" मी विचारलं, किती माणसं आंघोळ करतात? तर म्हणाले, मोजतंय कोण, रोज नवी असतात. त्यांना मी पत्र्याचं मोठं पिंप, त्यात जाड रॉड आणि रॉडला हात लागू नये म्हणून वरून जाळी, असं बसवून दिलं. दिसायला ओबडधोबड, पण अजून चालू आहे. ढाब्यावर माणसं मोजता येत नाहीत, हे बप्पांचं बरोबरच होतं.

खोटा आकडा मिळायचा तो घरांमध्ये. त्यातलं तलवाड्याचं घर माझ्या चांगलं लक्षात आहे. माजी सरपंचांचं घर. बांधकाम नवं होतं तेव्हा मला बोलावलं, आणि मी प्रश्न विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, अकरा. दोन मोठे गिझर बसवले. आता गिझर म्हटला की अर्थिंग आलं. बाहेरच्यांसाठी सांगतो: कॉइल कधी ना कधी चिरते आणि वीज पाण्यात उतरते. त्या विजेला जमिनीत जायला वाट लागते, ती वाट म्हणजे अर्थिंग. खड्डा खणायचा, त्यात कोळसा आणि खडेमीठ घालायचं, तांब्याची पट्टी पुरायची. पण हे सगळं ओलं राहिलं तरच कामाचं. उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन भाजून निघते, खड्डा कोरडा पडतो, आणि खड्ड्यात पाणी घाला असं सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात. म्हणून मी एक युक्ती काढली होती. अंगणात तुळस असेल तर तिचं पाणी ज्या बाजूला वाहून जातं, तिथे खड्डा घ्यायचा. घरातली बाई तुळशीला पाणी घालायची काही चुकत नाही. देवाचं देवाला आणि विजेचं विजेला. या युक्तीचा मला फार अभिमान होता, आणि तो मी चहाबरोबर सगळ्यांना ऐकवायचो.

बऱ्याच वर्षांनी सरपंचांचा फोन आला, नळाला हात लावला की मुंग्या येतात. गेलो. दार त्यांनीच उघडलं, चहाही त्यांनीच केला. बायको वारली होती, दोन मुलं संभाजीनगरला, तिसरा गुजरातेत. टेस्टर लावायच्या आधी मी अंगणात गेलो, तर तुळशीच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. खड्डा कोरडा ठणठणीत. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, आता पाणी कोण घालतं. मी कॉइल बदलली, खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या आणि रोज एक कळशी घालायला सांगितलं. ते म्हणाले, "घालतो. तेवढंच काईतरी काम." जाताना मी विचारलं, आता दोनाऐवजी एकच गिझर ठेवू का? तर म्हणाले राहू द्या, दिवाळीला येतात सगळी. मी दुसरा गिझर उघडून बघितला होता. त्यातलं पाणी गढूळ होऊन वास मारत होतं, म्हणजे कैक महिन्यांत कोणी तो लावलाच नव्हता.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की म्हातारी माणसं घरात असलेली माणसं मोजत नाहीत, असायला हवी ती मोजतात. पुण्याचा मुलगा मोजतात, मुंबईची सून मोजतात, न झालेला नातूसुद्धा मोजतात. मग मी शहाणा झालो. प्रश्न विचारायचो, आकडा ऐकायचो, हो म्हणायचो, आणि दोरीवरचे कपडे आणि दारातल्या चपला बघून माझा आकडा मीच धरायचो. हा आकडा सहसा एक किंवा दोन असायचा आणि तो सहसा बरोबर निघायचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल कधी रिकामा झाला, ते आता सांगतो.

पाटोद्याच्या बाजारपेठेमागे एक किराणा दुकान होतं. दुकानदार आप्पा आणि त्यांची बायको सुभद्राअक्का. वायरिंग माझंच. आप्पा गेल्यावर दुकानाचं शटर कायमचं खाली आलं आणि मागच्या घरात अक्का एकट्या राहू लागल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. कपाळावर विभूती, बोलणं कमी, आणि पहाटे आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. आंघोळीचं पाणी अंगणातल्या तांब्याच्या बंबावर तापायचं. नव्या वाचकांसाठी सांगतो, बंब म्हणजे मधोमध धुराडं असलेलं मोठं भांडं. मधल्या नळकांड्यात खालून जाळ घालायचा, भोवतीचं पाणी तापतं आणि तोटीतून काढून घ्यायचं. पाटोद्याचा तो सगळा डोंगरपट्टा, हिवाळ्यात थंडी हाडांत शिरते. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या घालून अक्कांचा बंब पहाटे पाचला पेटायचा.

एका पहाटे पदराला धग लागली. फार काही नाही, हाताला चट्टा उठला आणि पदर जळाला. पण पुण्याच्या मुलाच्या, महेशच्या कानावर ते गेलं आणि त्यानं आईला निर्वाणीचं सांगितलं: एक तर घरात गिझर बसव आणि बंब बंद कर, नाहीतर पुण्याला चल. अक्कांना पुण्याला जायचं नव्हतं. आप्पांनी बांधलेलं घर, तीच गल्ली, तेच देवघर. एवढं एकच त्यांना हवं होतं, आपल्या घरात राहायचं. म्हणून त्या गिझरला कबूल झाल्या. महेशनं मला फोन केला, काका, चांगलं बघून बसवा, आणि जाताना तो बंब उचलून न्या, नाहीतर आई चोरून पेटवेल.

मी दिवाळीच्या आठवडाभर आधी गेलो. सवयीनं विचारलं, "आक्का, घरात माणसं किती?"

त्यांनी जरासुद्धा न थांबता सांगितलं, "तीन."

मला मनातून हसू आलं. म्हटलं, आल्या वळणावर. मुलगा, सून आणि त्या. दारात चपलांचा एकच जोड होता, दोरीवर एकच लुगडं वाळत होतं. पंचवीस लिटरचा लावला तर एका बाईच्या एका बादलीसाठी रोज पिंपभर पाणी उकळत बसणार. मी दहा लिटरचा लावला. दहा लिटर कढत झालं की थंड पाणी मिसळून एक बादली नीट भरते. एका माणसाला पुरे.

जागाही मीच ठरवली. महेशनं स्वयंपाकघरामागे नवी मोरी बांधून घेतली होती, गुळगुळीत फरशी, प्लास्टिकचं दार. अक्का माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, याचं पाणी बाहेर अंगणात येईल का? एक नळ तिकडं काढता येईल का? मी त्यांना समजावलं की लांब नळीत पाणी निवतं, वीज फुकट जाते, आणि थंडीत तुम्ही बाहेर यायचंच कशाला? सगळं आत, दार लावलं की वारा नाही. मी हे फार आपुलकीनं सांगितलं. त्या बरं म्हणाल्या.

काम झाल्यावर मी बंब रिकामा केला, राख झाडली आणि टेम्पोत चढवला. अंगणाच्या भिंतीत शेजारच्या घराकडे जाणारं एक बुटकं दार होतं, त्याच्याजवळ पऱ्हाट्यांची मोळी रचून ठेवलेली. ती कोण आणतं, हा प्रश्न मला पडला नाही. अक्कांनी बंबावरून एकदा हात फिरवला. म्हणाल्या, "मोडीत घालू नका. तुमच्याजवळ असू द्या." मी दुकानाच्या माळ्यावर तो ठेवला. महेशचा फोन आला, त्यानं आभार मानले. पहिल्या आंघोळीला अक्कांचा फोन आला, पाणी चांगलं तापलं म्हणाल्या. मला बरं वाटलं. एक म्हातारं माणूस आपल्या घरात राहिलं आणि त्याला आपला हातभार लागला, असं मी घरी बायकोच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालोसुद्धा. माझी बायको जाऊन चार वर्षं झालीत. सांगायची सवय मोडलेली नाही.

थंडी भरात आली तेव्हाची गोष्ट. पाटोद्याचा बाजार होता. बाजारच्या दिवशी मी तिकडची सगळी कामं उरकायचो. दुपारी तीनला एका लॉजचा गिझर खोलून बसलो होतो तेव्हा महेशचा फोन आला. आई सकाळपासून फोन उचलत नाही. देवळात गेली असेल म्हणून दुपारपर्यंत वाट बघितली. त्यानं विचारलं, "काका, आमच्या शेजारच्या कोणाचा नंबर आहे का तुमच्याकडं?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, माझ्याकडेही नाही.

दहा मिनिटांत पोचलो. पुढचं दार आतून बंद. हाका मारल्या. आवाज ऐकून शेजारच्या दारात एक बाई आली, साठीची, डोक्यावर पदर. ही हाजराबी. काय झालं ते सांगितल्यावर ती मला आपल्या घरातून मागच्या अंगणात घेऊन गेली, आणि भिंतीतलं ते बुटकं दार तिनं ढकललं. दाराला कडी नव्हती. पण ते बऱ्याच दिवसांत उघडलं नसावं, बिजागरी कुरकुरली आणि आम्ही दोघंही वाकून अक्कांच्या अंगणात आलो. पऱ्हाट्यांची मोळी तशीच होती, त्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं.

मोरीचं दार आतून लावलेलं. प्लास्टिकचंच ते, दुसऱ्या धक्क्याला निसटलं. अक्का फरशीवर आडव्या होत्या. आंघोळ करून उठताना पाय घसरला होता. ओलं लुगडं अंगाला कसंबसं गुंडाळलेलं, खुबा मोडलेला, ओठ पांढरे पडलेले. सकाळी सहापासून दुपारी सव्वातीनपर्यंत. शुद्ध होती. माझ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "पूजा राहिली माझी."

वर भिंतीवर गिझरचा लाल दिवा जळत होता. पाणी तापलं की तो आपोआप विझतो, निवलं की परत लागतो. दिवसभर तो असा लागत आणि विझत राहिला असणार. माझं काम चोख होतं. हातभर अंतरावर कढत पाणी होतं आणि खाली बाई गारठली होती.

हाजराबीनं मला बाहेर काढलं. मग तिनं तो नळ सोडला, बादलीत पाणी घेतलं आणि अक्कांचं अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, दोन गोधड्या घातल्या. त्या नळाचं पाणी तिनं घेतलं ते पहिल्यांदाच. हे मला नंतर कळलं.

दवाखान्याची गाडी यायला अर्धा तास लागला. अक्कांचा हात हातात धरून हाजराबी बोलत होती, आवाज न चढवता. तिचा नवरा शिंपी होता, सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला तेव्हापासून खाटेवर. त्याला रोज कोमट पाण्यानं पुसून घ्यावं लागतं. हाजराबी शेतांतून पऱ्हाट्या वेचून आणायची, अक्का बंब पेटवायच्या, आणि उजाडता उजाडता ती त्या बुटक्या दारातून येऊन दोन बादल्या पाणी न्यायची. एक नवऱ्याला, एक स्वतःला. तिसरी अक्कांची. आप्पा होते तेव्हापासून हे चालू होतं.

मी विचारलं, मग गिझर लावल्यावर का नाही आलीस?

ती म्हणाली, "बंबाला जळन मी आनायची, पानी आक्का तापवायची. दोघींचं होतं ते. आता बटनाचं पानी. म्या काय घेऊन यायचं? आन् येकाच बादलीची टाकी, म्या नेलं तर आक्काला काय? आक्का बोलावायची, पर मीच न्हाई आले."

मग म्हणाली, "आदी धुवां दिसायचा. येखाद्या दिशी धुवां न्हाई दिसला की मी दार ढकलून यायची, आक्का, बरी हायेस का म्हनून. आता धुवांच न्हाई. बंब न्हाई पेटला का आक्का न्हाई उठली, मला काय कळनार?"

मी तिथेच पायरीवर बसलो. तीन. अक्कांनी सांगितलं होतं, तीन. बत्तीस वर्षांत खोटे आकडे ऐकून ऐकून कान एवढे पक्के झाले होते की खरा आकडा समोर आला तेव्हा मी तो मनातल्या मनात खोडला आणि वरून स्वतःच्या अकलेवर खूश झालो. अंगणात एक नळ मागितला होता त्यांनी. दोन हात नळी आणि एक तोटी, अर्ध्या तासाचं काम होतं.

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि महेश आईला पुण्याला घेऊन गेला. त्याला मी दोष देत नाही, तो तरी काय करणार. घराला कुलूप लागलं. ज्या गिझरमुळे अक्का घरात राहणार होत्या, तोच त्यांना घराबाहेर घेऊन गेला, आणि तो निवडला मी.

आठवड्यानं मी माळ्यावरून बंब खाली काढला, चिंचेनं घासला आणि पाटोद्याला नेऊन हाजराबीच्या अंगणात ठेवला. ती आधी नको म्हणाली, मग घेतला. नवऱ्यासाठी रोज पेटवते आता. दोनच बादल्या निघतात, तिसरी बंबातच निवते, असं ती सांगत होती.

वैशाखात मला अक्कांचा फोन आला. महेशनं लावून दिला होता. आवाज बारीक झाला होता, पण बोलणं तेच, मोजकं. मी म्हणालो, आक्का, माझी चूक झाली. तुम्ही तीन म्हणाला होता. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं. हाजराबीच्या अंगणात बंब पेटतो का, एवढं मात्र दोनदा विचारलं. मी हो म्हणालो. मग त्या पुण्याचं सांगू लागल्या. आठवा मजला आहे, छतावर सूर्याचा बंब आहे, नळ सोडला की दिवसभर गरम पाणी. "पन मागायला कोन येत न्हाई," म्हणाल्या.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी मानसं किती?"

मी म्हणालो, एकच. मी.

 मग म्हणाल्या, "नीट मोजून सांगा, मिस्त्री."

आणि फोन बंद झाला. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही, माझं मोजून झालं नव्हतं.

माझं घर बीडच्या जुन्या वस्तीत आहे. भिंतीला भिंत लागून. माझ्या घरातला पंचवीस लिटरचा गिझर आम्ही चौघं असताना घेतलेला. मुलगी नाशिकला गेली, मुलगा बंगळूरला, बायको गेली, आणि तो एका माणसासाठी तापत राहिला. श्रावणात त्याची टाकी गळायला लागली. दुकान मी उन्हाळ्यातच बंद केलं होतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक होऊन दुसऱ्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं मला ओळखलं नाही. त्यानं हसून तोच प्रश्न विचारला, काका, घरात माणसं किती?

 मी म्हणालो, पंचवीस लिटरचा दाखवा. तो माझ्या चपलांकडे नाही, पण तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारा मुलांना मोजतोय.

माझ्या पलीकडच्या भिंतीला एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. एकटेच. अकरा हिवाळे मी भिंतीतून त्यांची आंघोळ ऐकतोय. थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला की ते मोठ्यानं हर हर गंगे म्हणतात आणि मग बराच वेळ खोकतात. अकरा वर्षांत शंभर घरं तरी असतील जिथे मी सांगितलं असेल की म्हाताऱ्या माणसानं थंड पाणी घेऊ नये. भिंतीपलीकडे जाऊन ते सांगावं हे मला सुचलं नाही. त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि आपण नुसतं विचारणाऱ्यालाच सांगतो.

नवा गिझर मी स्वतःच बसवला. आतला नळ आत, आणि एक नळी भिंतीतून काढून बाहेरच्या अंगणात तोटी लावली, दोन्ही घरांच्या मधोमध. नळीत पाणी निवतं, वीज फुकट जाते, हे सगळं मला माहीत आहे. हा धंद्याच्या दृष्टीनं मूर्खपणा आहे आणि तो मी पूर्ण हिशोब करून केला आहे. कंडक्टरसाहेबांकडे जाऊन सांगितलं, सकाळी गरम पाणी आहे, बादली घेऊन या. ते अवघडले. म्हणाले, बघू, सवय आहे मला थंड पाण्याची. हाजराबीचं बोलणं मला तेव्हा आठवलं. म्हणून मी लगेच म्हटलं, येताना घरची दोन फुलं आणा, तुमच्याकडे जास्वंद आहे, माझ्या देव्हाऱ्याला फुलं नसतात. ते पुन्हा बघू म्हणाले.

अजून ते आलेले नाहीत. रोज पहाटे मी बटण दाबतो, लाल दिवा विझला की बाहेर जाऊन तोटी सोडून बघतो, पाणी हाताला चटका देतं. मग आत येऊन थांबतो. भिंतीपलीकडून हर हर गंगे ऐकू येतं, आणि मग खोकला. खोकला ऐकू आला की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी आंघोळीला जातो. यंदा पहिल्या आंघोळीला मी तोटीखाली एक बादली भरून ठेवणार आहे.

अक्कांना आता फोन करायला हरकत नाही. घरात माणसं किती, असं त्यांनी परत विचारलं, तर सांगेन, दोन. एक अजून आलेला नाही.